दाराशी काढलेल्या चपला

"काऊन वो बाई, चपला घालून कुठं चालली? आत इन्फेक्शन होऊन राहिलं ना!"

जळीत वॉर्डाच्या दाराशी बसणारी आया येणाऱ्या प्रत्येकावर हेच ओरडायची. त्या दिवशी जिच्यावर ओरडली ती आमची नात्यातली बाई ओशाळली, चपला ढिगात टाकून अनवाणी आत आली आणि थेट माझ्या मावशीच्या पलंगावर बसली. बसचा दांडा धरून आलेल्या हातांनीच तिने मावशीचा चेहरा कुरवाळला. आयाचं मात्र समाधान झालं होतं. गोंदियाच्या त्या दवाखान्यात स्वच्छता घोट्याच्या वर चढतच नसे.

मावशी एका लग्नघरी भाताचं पातेलं उतरवताना भाजली होती. उकळती पेज खांद्यापासून मनगटापर्यंत सांडली. मग जखमेत जंतू शिरले, हिरवट पू यायला लागला, आणि मांडीची कातडी काढून हातावर लावली होती ती सडून निघाली. आता पुन्हा लावली होती. ही धरली नाही तर हात काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या जंतूंवर एक सोडून कुठलंच औषध चालत नव्हतं, आणि त्या एकाने मावशीच्या किडन्या बिघडायला लागल्या होत्या.

"फार चिवट जंतू आहेत," डॉक्टर म्हणाले, नागझिऱ्याच्या जंगलातल्या गाइडने वाघाबद्दल सांगावं तशा कौतुकाने. "लोक बाहेरून घेऊन येतात."

मावशीचे यजमान, आमचे काकाजी, हात जोडून मान डोलवत. भेटायला येणाऱ्यांना ते कौतुकाने सांगायचे, "साहेब देवमाणूस आहे. बूटसुद्धा दाराशी काढते."

खरंच काढायचे. मोज्यांवर वॉर्डभर फिरायचे. शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या जखमेला तोच हिरवा रंग होता, तोच आंबलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास. त्याची जखम दाबून बघायची आणि त्याच ग्लोव्ह्जनी मावशीकडे वळायचं, ही साहेबांची रीत. कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये नातेवाईक जेवणाचे डबे विसळत. साबण चोरीला जातो म्हणून तो कपाटात कुलूपबंद असे.

मी हे सगळं स्टुलावर बसून बघायची. बोलायची नाही. तोंड उघडलं की माझं कॉन्व्हेंटचं मराठी ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसत.

"इंग्लिश मीडियमवाली आहे ते," काकाजी सगळ्यांना सांगत. "आपल्याशी कायले बोलन?"

नवीन कातडी धरली की नाही ते बघायचा दिवस आला. डॉक्टर शेजारच्या माणसाचं ड्रेसिंग आटोपून आमच्याकडे आले. ग्लोव्ह्जच्या बोटांवर हिरवट ओल चमकत होती. काकाजी अदबीने मागे सरले. मावशीने मान वळवली आणि हात माझ्या बाजूला ओढून घेतला. डॉक्टरांनी पट्टीचं टोक शोधायला बोटं पुढे केली.

मी उठून मध्ये उभी राहिले.

"काऊन वो, बाजूला हो ना!" काकाजी दबक्या आवाजात खेकसले. "साहेबाले उशीर होऊन राहिला."

"क्या हुआ बेटा?" डॉक्टर हसून म्हणाले. "डर लग रहा है?"

दारात आया कुणाच्या तरी चपलांवरून पुन्हा ओरडत होती.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही बूट घालून आलात तरी चालेल. हे ग्लोव्ह्ज काढा आणि आधी हात धुवा."