डोळ्यावरचं कुंकू

बिभीषण नववीत दोनदा गचकला तवा मास्तर म्हणलते, तुझ्या डोक्यात इंग्रजीचा एक शब्द शिरायचा न्हाई. त्याच बिभीषणला आज सेन्सर, ग्रिपर, बायपास सगळं तोंडपाठ हाय. शाळेनं न्हाई शिकवलं. डूख धरला, त्या डूखानं शिकवलं.

सिरसाळ्याच्या अलीकडं सहकारी पेंडीचा कारखाना. दुष्काळ पडला, जनावरांच्या छावण्या लागल्या, पोती रचायला हमाल पुरंनात. मग संस्थेनं रोबो आणला. पिवळाधमक, एकच हात, सहा सांधे. हमालांनी त्याचं बारसं केलं. पोतं धरणारा ग्रिपर म्हणजे पंजा. माणूस आत आला की हात थांबवणारा सेन्सर म्हणजे डोळा. काम झाल्यावर हात मिटून उभा राह्यची होम पोझिशन म्हणजे घर. "घरी गेला का बे?" असं इच्यारायचे.

दसऱ्याला अध्यक्ष मोहनराव पूजेला आले. नारळ फोडला अन कुंकवाचा भला मोठा टिळा दिला तो नेमका डोळ्यावर. डोळा झाकला, मशीन थांबली, लाल दिवा लागला. बिभीषण अन त्याचा चुलतभाऊ म्हाळू दोघंबी तिथलेच हमाल. म्हाळू फडकं घेऊन धावला.

मोहनराव खेकसले, "हात लावू नको! सणाचं कुंकू पुसतेत का? कावून अपशकुन करतो बे?"

कुंकू पुसायचं न्हाई, अन मशीन तर चालू पायजे. म्हणून सुपरवायझर रामहरीनं डोळ्याच्या वायरीला एक तार जोडली. बायपास. म्हणजे मशीनला सांगायचं, समोर कुणी न्हाई, चाल तू.

दुपारी म्हाळू तिरकं पोतं सरळ करायला आत गेला. रोजच जायचा, डोळ्याला दिसायचं, हात थांबायचा. त्या दिवशी थांबला न्हाई. म्हाळूचा उजवा हात कोपरापासून गेला.

म्हाळू अंबाजोगाईला दवाखान्यात पडलेला, अन इकडं मोहनरावानं फळ्यावर कागद डकवला: 'हमाल दारू पिऊन आत शिरला.' दारूच्या नुसत्या वासानं वकणारा म्हाळू!

"काकू, ज्यानं कागद लावला त्याच्याच हातानं काढायला लावतो," बिभीषण म्हाळूच्या आईला, वच्छलाबाईला म्हणला.

"सांगू नको," म्हातारी म्हणली. "करून ये."

वर्षभर बिभीषणनं तोंड शिवलं. पुण्याहून येणाऱ्या मेकॅनिकला चहा आणला, त्याचे पाने-पक्कड पुसले, शिव्या खाल्ल्या, अन मशीन शिकला. ऑपरेटर झाला. रामहरीनं काढून फेकलेली ती तार त्यानं जपून ठिवली. फळ्यावरचा कागद रोज वाचायचा.

दुसरा दसरा आला. सभासद, बायका, छावणीवाले सगळे जमले.

"साहेब, गेल्या सालावानी हितंच द्या टिळा," बिभीषणनं डोळा दाखवला. मोहनरावानं दिला. लाल दिवा लागला.

"चालू कर की बे."

"करतो की." त्यानं खिशातली तार काढून जोडली. "बायपास मारलाय. आत एक पोतं तिरकं हाय, तेवढं सरळ करून या. तुमी तर दारू पेत न्हाईत, तुमाला काय व्हतंय?"

मागून सिदू हमाल वरडला, "जावा की साहेब, मुहूर्त टळतोय!"

मोहनराव हसले. दुसरं कुणी हसलं न्हाई. बिभीषणचा अंगठा हिरव्या बटणावर व्हता. खरं सांगायचं तर त्याला वाटत व्हतं, जावंच यानं आत.

मोहनरावानं रुमाल काढला अन कुंकू पुसलं. घासून घासून पुसलं.

"पुसता येतंय की हो!" वच्छलाबाई सगळ्यांदेखत म्हणली. "माझ्या लेकराच्या टायमाला अपशकुन व्हत व्हता."

सभासदांत कालवा उठला. बिभीषणनं तार सोडवली, हात घरी नेला अन चावी काढून खिशात घातली. "भाईर छावण्यांच्या सतरा गाड्या पेंडीसाठी उभ्या हायत. कागद निघाल्याबिगर ह्यो घरातनं हालत न्हाई."

छावणीवाले मोहनरावाकडं बघाया लागले. मोहनराव फळ्याकडं गेले. वर्षाचा डिंक तो, नखानं खरवडावा लागला. 'हमाल' निघालं, 'दारू' निघंना. म्हाळू डाव्या हातात तांब्या घेऊन आला.

"पाणी लावा साहेब. नखं दुखतेत."

शेवटचं अक्षर निघाल्यावरच बिभीषणनं चावी लावली. तार मात्र परत खिशात टाकली. रामहरी राह्यलाय अजून.