डावा बूट, मुक्काम नागपूर

मी नागपूरला बूट शिवायला शिकून आले, असं सांगितलं की लोक विचारतात, "संत्री आणलीस का?" आणली. आता मुद्द्याचं.

बाबांना शुगर आहे. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. तेव्हापासून ते जिना उतरलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, चाला. बाबा म्हणतात, खाली काय काम आहे? दवाखान्यातले बूट "पेशंटचे दिसतात" म्हणून माळ्यावर गेले. हवे होते चारचौघांसारखे काळे बूट. नागपुरात जरीपटक्याला देवाजीकाका असे बूट हाताने करतात आणि आठवडाभर बसलं तर शिकवतातही, असं कळलं. मी सुट्टी टाकली, दुपारी बाबा झोपलेले पाहून कागदावर त्यांच्या पायांभोवती पेन्सिल फिरवली आणि पुण्याहून गाडीत बसले. घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे.

मुक्काम धंतोलीत. सगळीकडे दवाखाने, त्यामुळे लॉज स्वस्त. रोजचे सातशे, गरम पाणी सकाळी तासभर.

"पेशंट कोणत्या दवाखान्यात आहे?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं.

"पेशंट नाही. मी बूट शिवायला आलेय."

"ते ठीक आहे. पण पेशंटचं नाव लिवाच लागते, मॅडम."

मी बाबांचं नाव लिहिलं.

पहिले दोन दिवस फक्त टाके. एक दोरा, दोन सुया, टाकाऊ कातडं. नाश्त्याला कोपऱ्यावरचे तर्री पोहे; तर्री "कमी" मागितली तरी नाकातून पाणी येतंच. तिसऱ्या दिवशी काकांनी माप मागितलं. मी घडी उलगडली.

"हे कवा घेतलं?"

"दुपारी. बाबा झोपले होते."

काकांनी चष्मा काढला. "काहून वं, तुहे बाबा निजून चालतेत काय?"

माप उभ्यानं घ्यायचं, सगळं वजन पायावर टाकून, तेही संध्याकाळी पाय फुगल्यावर. काकांनी कातडं गुंडाळून ठेवलं. बाबा तो पाय आईलासुद्धा दाखवत नाहीत. रात्रंदिवस पायात मोजा. शेवटी मी घरी फोन लावला, बाबांना खरं काय ते सांगितलं आणि बोलणी खाल्ली. मधेच काकांनी फोन ओढून घेतला.

"दादा, नमस्कार. पोरीनं चुकीचं माप आणलं. मी कातडं कापू नाही शकून राहिलो."

बाबांनी सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं नकाशे काढलेत. पलीकडून प्रश्न आला:

"चुकीचं म्हणजे किती चुकीचं?"

संध्याकाळी नव्या मापाच्या कागदाचा फोटो आला. बाबा उभे राहिले होते, पेन्सिल आईने फिरवली होती. मग बाबांनी त्यावर मिलिमीटरमध्ये मापं लिहिली होती, खाली सही, तारीख. डाव्या पायाला पुढे दोन बोटं तुटक रेषेत काढली होती. ती रेषा पाहून मला रडू आलं. काकांनी नकाशा बराच वेळ पाहिला.

"बूट या तुटक रेषेवरून कापाचा. लोकायले तेवढंच दिसते. आतून भरू आपण."

उजवा त्यांनी केला. डावा मला दिला. अस्तराची शिवण तीनदा उसवली. "शुगरमुळं त्यायले टोचलेलं समजत नसन. म्हणून तूच आत हात घालून पाह्य," असं म्हणून दर वेळी माझा हात बुटात घालायला लावला. शनिवारी बूट झाले. नागपूरला येऊन मी ना तलाव पाहिला, ना दीक्षाभूमी. तुम्ही पाहा.

घरी बाबांनी बुटांचा डबा उघडला. "उजवा छान झालाय."

"तो काकांचा."

डाव्याबद्दल अवाक्षर नाही. त्यांनी मोजा घातला, दोन्ही बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि म्हणाले, "दूध संपलंय." फ्रीजमध्ये दोन पिशव्या होत्या. आईनं माझ्याकडे पाहिलं. जिन्यावर पावलं वाजत गेली, एकेक पायरी.

मला बूट करता येतात का? नाही. एक डावा येतो.

अर्ध्या तासानं बाबा घामाघूम होऊन परत आले, हातात दुधाची पिशवी.

"काकांना फोन लाव," ते म्हणाले. "उजवा जरा सैल आहे."