बाबांना न पटलेला देश

दापोलीच्या एसटी स्टँडवर माझी बॅग गाडीत चढली, तरी बाबांचं मन काही मानेना. बुरोंडीत जन्मभर मच्छीमारी केलेला माणूस. मी नोकरीला निघाले तो माल्टा नकाशात शोधून शोधून थकले होते.

"टिपक्याएवढा देश, नि नदी एकपन नाय. मानसं पितात काय?"

"समुद्राचं पाणी गोडं करतात, बाबा."

"एजंटानं सांगितलं, नि तू ऐकलंस."

गाडी हलली तशी आई खिडकीशी येऊन म्हणाली, "कुणावर लगेच इस्वास ठेवू नको गो."

पाणी खरंच समुद्राचं निघालं. तिथल्या कितीतरी चर्चना दोन घड्याळं असतात, एक बरोबर आणि एक चुकीचं. सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून, असं सांगतात. ते ऐकलं नि वाटलं, बाबा खरे इथंच जन्मायला हवे होते. भाषा लिहितात इंग्रजी अक्षरांत, ऐकायला अरबीसारखी. दुनियेला ‘दिन्या’ म्हणतात.

माझं काम चेन्सू नावाच्या म्हाताऱ्याला सांभाळायचं. तोही जुना मच्छीमार. त्याची मुलगी दिवसभर नोकरीवर. ताट पुढं ठेवलं की तो इंग्रजीत म्हणायचा, "आधी तू खा." औषधाची गोळी चष्मा लावून उलटसुलट बघायचा. मीही काही कमी नव्हते. मुलीनं माझ्यावर कॅमेरा तर लावला नाही ना, म्हणून दिव्यामागं डोकावून बघायचे.

एका थंडीत त्यानं जेवणच सोडलं. मुलीनं मला सरळ सांगितलं, "तो तुझ्या हातचं खात नसेल, तर मला दुसरी बाई बघावी लागेल." त्याच दुपारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. माझा चेहरा बघायचा सोडून ते मागच्या भिंतीकडे बघत राहिले. तिथं चेन्सूच्या बोटीचा फोटो होता. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले.

"बोटीला डोळे कशाला?"

मी चेन्सूला विचारलं. तो म्हणाला, "तिला दिसायला नको?"

बाबांना पटलं नाही. "ह्यो खराच दर्यात जायचा काय? इचार, जाळं फाटलं तर काय करायचा."

मी चेन्सूला तेही विचारलं. मांडीवरच्या टॉवेलची उसवलेली कड त्यानं ताणून धरली, आणि हातात सुई असल्यासारखी बोटं फिरवत अंगठ्यानं गाठ आवळून दाखवली. बाबांचं नाक पार स्क्रीनला टेकलं.

"गाठ तर आपल्यासारखीच मारतो," ते म्हणाले. "जेवला काय तो?"

मी ते चेन्सूला सांगितलं. त्यानं डोळे बारीक केले. "मी जेवत नाही हे त्याला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. आमच्याकडे विचारतातच."

त्यानं पुढ्यातलं ताट ओढलं आणि खायला लागला. मला आधी खा म्हणाला नाही.

यंदा गणपतीला सुट्टीवर निघाले, तेव्हा चेन्सूनं माझा थंडीचा कोट आपल्या कपाटात टाकला आणि चावी खिशात घातली. "परत आलीस की देईन." आणि बुरोंडीहून परत निघाले त्या सकाळी बाबा म्हणाले, "कानातलं हितंच ठेव. तिकडं चोरबिर असतील."

त्या देशात मी कित्येकदा दाराला कुलूप न लावता गेले आहे. तरी कानातलं काढून आईच्या हातात दिलं. आता घर कुठलं असं कुणी विचारलं, तर मला एक गाव सांगता येत नाही. मी परत येईन याचा दोन म्हाताऱ्यांना भरवसा नाही, एवढंच सांगते. आणि ओक्या कानांनी विमानात बसते.