दारातली सदाफुली

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते सोलापूरच्या कॉलेजातल्या आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांचे. होटगीच्या रेल्वे गँगमनचा मुलगा बी. एस्सी. झाला तो त्यांच्यामुळेच. सदाफुलीच्या पाल्यातून रक्ताच्या कॅन्सरवर औषध काढतात, हेही त्यांनीच वर्गात सांगितलं होतं. आणीबाणीच्या आधीच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला तोच आजार निघाला. डॉक्टरांनी त्याच औषधाचं इंजेक्शन लिहून दिलं. सोलापुरात ते मिळेना आणि मुंबईहून येईना. औषध कशाचं असतं, ते मी घरी बोलून गेलो.

आमची अव्वा, म्हणजे आई, म्हणाली, "आरं, झाड दारात हाय आन् तू बी. एस्सी. झालास की! काड की औषद."

"अव्वा, ढीगभर पाल्यातून चिमूटभरसुद्धा निघत नाही. त्याला कारखाना लागतो. नुसता काढा दिला तर विष होईल."

"ढीगच लागतोय न्हवं?" म्हणत ती उठली. दिवस मावळायच्या आत गावातली सदाफुली पोत्यांत भरून आमच्या ओट्यावर आली. तापातही बहीण हसली. "अण्णा, आता शेळ्या लागतील तुज्या मागं!"

सर तेव्हा बदलून पुण्याला गेले होते. मी ओट्यावरच बसून त्यांना लिहिलं:

"आदरणीय सर, सा. न.
बहिणीच्या हिरड्यांतलं रक्त थांबत नाही. अव्वा चूल पेटवून माझी वाट बघते आहे. घरी हे होत नाही, हे तिला पुन्हा सांगायचं बळ माझ्यात नाही. पुण्यात इंजेक्शन मिळालं तर कुणाच्याही हाती पाठवा. मी स्टेशनवर येणारी प्रत्येक गाडी बघेन.
आपला विद्यार्थी"