नव्या दालनातला अनोळखी वादक

आमच्या गल्लीत जॅझच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. शेजारच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी पीटर अंकल आणि त्यांचे तीन म्हातारे सोबती वाजवत बसायचे. मी ऐकायला जायचे. संग्रहालयाला जागा अपुरी पडू लागली आणि विस्तारासाठी तो हॉलच घेतला गेला. अंकल मग घरी ट्रम्पेट वाजवू लागले. शेजाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा तेही थांबलं.

नव्या दालनाच्या उद्घाटनाला मी त्यांना घेऊन गेले. भिंतीवर एक मोठा फोटो होता. त्यात एक तरुण गाल फुगवून ट्रम्पेट वाजवत होता. खाली लिहिलं होतं, ‘अनोळखी वादक’.

“हा मी आहे,” अंकल तिथल्या अधिकारी बाईंना म्हणाले.

“हो का? काही पुरावा आहे?”

“वाजवून दाखवू?”

“इथे शांतता पाळावी लागते, सर.”

इतिहास जपणाऱ्यांना तो अजून वाजत असलेला का चालत नाही, मला खरंच कळत नाही. अंकल फोटोसमोर नुसते उभे राहिले. थोड्या वेळाने रखवालदार आला.

“काका, जरा बाजूला व्हा. लोकांना फोटो दिसत नाहीये.”

अंकल बाजूला झाले.