अठरा सेकंदांचा श्वास

"गाठ स्वादुपिंडात आहे आणि मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली आहे. आता ऑपरेशन करता येणार नाही."

इंदूरच्या डॉक्टरांनी हे पडद्याकडे बघत सांगितलं. बाबांचं पोट इतकं स्वच्छ दिसत होतं, की गाठीची कड मलाही कळली. ही कड दोन महिन्यांपूर्वीच दिसायला हवी होती.

बाबा बुऱ्हाणपुरात तीस वर्षं यंत्रमागावर. दिवाळीनंतर पाठ दुखू लागली, भूक गेली, पॅन्ट कमरेवरून घसरू लागली. सोनोग्राफीत नीट दिसेना म्हणून पोटाचा एमआरआय सांगितला. म्हणजे चुंबकाच्या नळीत झोपवून काढलेली आतली चित्रं. श्वासाबरोबर पोट हलतं, चित्र पुसट येतं, म्हणून दर चित्राला श्वास रोखायचा. बुऱ्हाणपुरातल्या मशीनला अठरा सेकंद लागत.

छातीत तीस वर्षांचं सूत बसलेल्या माणसाला अठरा सेकंद! दम लागतो का, कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्यात बाबांनी एक चूक केली. हेडफोनमधून "सांस रोकिए" आलं, की ते आतून मोठ्याने म्हणत, "रोकली, साहेब!" दर वेळी. टेक्निशियन कपाळावर हात मारायचा, "चाचा, बोलू नका ना!" त्यालाही बाबा म्हणाले, "बरं, साहेब!"

मागाच्या खडखडाटात हाक आली की ओ द्यावीच लागते. नाही दिली तर पलीकडच्याला कळत नाही तुमचा हात कुठे आहे. तो माग चालू करतो आणि बोटं जातात. बाबांची दहाही बोटं शाबूत आहेत ती याच सवयीमुळे.

"मग काय तोंड शिवून पडू?" बाहेर आल्यावर ते म्हणाले. आम्ही दोघं खूप हसलो.

रिपोर्टात लिहिलं होतं: हालचालीमुळे स्वादुपिंडाचा भाग अस्पष्ट, गरज वाटल्यास तपासणी पुन्हा करावी. आमचे डॉक्टर म्हणाले, "सूज असेल. गोळ्या घेऊन बघू." मी कामगारांच्या पत्रकांवर वाचायला शिकलेली मुलगी, ओळ न ओळ वाचणारी. 'पुन्हा करावी' हे मीही वाचलं आणि कागद घडी घालून ठेवला.

दोन महिन्यांनी बाबांचे डोळे पिवळे झाले, तेव्हा इंदूर गाठलं.

तिथे स्कॅन काढणाऱ्या ताईंनी आधी विचारलं, "काका, श्वास किती वेळ रोखता येतो?"

"सात-आठ सेकंद. म्हाताऱ्याचा भाता आहे."

"पुरे झाले. फक्त आत बोलायचं नाही हं."

त्यांनी मला समजावलं. हे मशीन सात-आठ सेकंदांत मिळेल तेवढीच माहिती गोळा करतं आणि बाकीचं चित्र संगणक उभं करतो. आधीच्या असंख्य स्कॅनवरून त्याला तसं शिकवलेलं असतं. त्याला डीप लर्निंग म्हणतात. संगणकही चुकू शकतो, म्हणून शेवटी डॉक्टर डोळ्यांनी तपासतात. बाबा लवकर बाहेर आले. एकही शब्द बोलले नव्हते.

मी डॉक्टरांना विचारलं, "दोन महिन्यांपूर्वी असं दिसलं असतं तर?"

"कदाचित काढता आली असती. खात्रीने नाही सांगणार."

त्या 'कदाचित'बरोबर मी आता राहते. ज्यांचा दम आधीच कामाने खाल्लाय, त्यांच्याच गावात जास्त श्वास मागणारं मशीन का? या प्रश्नाला उत्तर मिळालं तरी बाबांना त्याचा उपयोग नाही.

तुमच्या घरात कुणाला हा स्कॅन सांगितला असेल, तर दम किती पुरतो ते आधीच सांगा. घरी घड्याळ लावून सराव करा. रिपोर्टात 'अस्पष्ट' दिसलं, तर डॉक्टरांसमोरून उठू नका, पुन्हा करायचा का ते तिथेच विचारा. हे मी पत्रक म्हणून छापून मागांच्या शेडमध्ये वाटणार आहे. बाबांनी खाटेवरून मसुदा ऐकला.

"पहिली ओळ मोठ्या टायपात घे," ते म्हणाले. "आत ओ देऊ नका."

आता मी बाहेरून आले, की दारातूनच हाक मारते, "बाबा!" आणि श्वास रोखून थांबते. ओ येते. रोज थोडी उशिरा, पण येते. तेवढ्यासाठी कुणाचे आभार मानायचे, मला माहीत नाही.