वहिनींचा नॉर्मल रिपोर्ट

"मंदा गेली," एवढंच दादा फोनवर बोलला. मी धाराशिवच्या एसटी स्टँडवर, बगलेत महिला आरोग्याच्या पत्रकांचा गठ्ठा धरून उभी. "अरे, नुसता खुबाच मोडला होता ना?" मी ओरडलेच. लोक वळून बघायला लागले. मंदावहिनी म्हणजे सास्तूरच्या माझ्या चुलतभावाची, या दादाची, बायको. वय एकेचाळीस. न्हाणीत घसरल्या, ऑपरेशन झालं, मग न्यूमोनिया... महिना उलटला, तरी मला हे खरं वाटत नाही. एकेचाळिसाव्या वर्षी घसरलेली बाई कंबर चोळत उठते. मरत नाही.

अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांची पिशवी काढली होती. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेल्या, तर तिथल्या डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली आणि गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयंही काढून टाकली. आमच्याकडं बाया ‘पिशवी काढली’ एवढंच म्हणतात. सोबत आणखी काय गेलं, कुणी विचारत नाही. पुढं ऐन थंडीत वहिनी दारात बसून सुपानं वारा घ्यायच्या. शेजारणी हसायच्या, "हिनं उन्हाळा गिळलाय बगा!" वहिनीही हसायच्या. पण एकदा मला हळूच म्हणाल्या, "वन्सं, लई आग हुतीया अंगात. हाडंबी ठणकत्यात. म्या काय म्हातारी झाले व्हय?"

तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. मी त्यांना आमच्या महिला आरोग्य शिबिरात नेलं, इस्ट्रोजेन या संप्रेरकाची तपासणी करायला लावली. फॉर्म मीच भरला. ‘पाळी’ या शब्दापुढं मी लिहिलं, बंद. रिपोर्ट आला, आकडा मर्यादेत होता. मी हिरव्या पेनानं मोठी बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "नॉर्मल आहे वहिनी. काळजी सोडा."

नॉर्मल! अहो, कुणाचं नॉर्मल? हे संप्रेरक लहानपणी नावापुरतं असतं, वयात येताना वाढतं, पाळीच्या वर्षांत दर महिन्याला चढउतार करतं, गरोदरपणात कितीतरी पटींनी चढतं आणि पन्नाशीच्या आसपास उतरतं. म्हणून रिपोर्टवर प्रत्येक टप्प्याची मर्यादा वेगळी छापतात. मी ‘बंद’ लिहिलं, म्हणून लॅबनं वहिनींचा आकडा पाळी गेलेल्या बायकांच्या मर्यादेशी ताडला. साठीच्या बाईला तो बरोबर होता. चौतिशीच्या बाईला तो धोक्याचा होता. हाडांची राखण करणारं हे संप्रेरक मुख्यतः अंडाशयात तयार होतं. ती इतक्या लवकर काढली, तर डॉक्टरला विचारून गोळ्या घ्याव्या लागतात, हाडं तपासावी लागतात. आमच्या पत्रकात हे सगळं होतं... वाटणारीनंच वाचलं नव्हतं.

खुबा मोडला तेव्हा हाडांच्या डॉक्टरनं विचारलं, "यांची अंडाशयं काढली आहेत का? हाडं साठीच्या पुढची दिसतात." खाटेवरून वहिनी म्हणाल्या, "पर वन्सं, माजा रिपोर्ट तर नॉर्मल हुता न्हवं?" मी म्हणाले, "व्हय वहिनी. तुम्ही आधी बऱ्या व्हा, मग बोलू." ते बोलणं राहिलं. पिशवी काढणाऱ्या डॉक्टरनं अंडाशयंही काढली, हे मी चौकाचौकात ओरडून सांगते. माझ्या हिरव्या खुणेचं मात्र आज पहिल्यांदा सांगतेय.

तेराव्याला सास्तूरला गेले. चुलीमागच्या भिंतीवर, खिळ्याला तो रिपोर्ट टांगलेला होता. वहिनींनी हौसेनं तालुक्याच्या गावाहून, लोहाऱ्याहून, लॅमिनेट करून आणलेला. दादा सांगत होता, कुणी ‘म्हातारी’ म्हणून चिडवलं की मंदा त्याकडं बोट दाखवायची, "वन्सं म्हणल्यात, म्या नॉर्मल हाय." आणि कंबर धरून बसली की काकू, म्हणजे तिची सासू, त्याच कागदाकडं बोट दाखवायची, "नॉर्मल लिवलंय की! ऊठ मग." ...आणि वहिनी उठायच्या. सात वर्षं उठत राहिल्या.

"ने तुला," दादा म्हणाला. आता तो माझ्या टेबलावर आहे. कडेला पिठाची बोटं उमटली होती, ती ओल्या फडक्यानं निघाली. हिरवी खूण प्लास्टिकच्या आत आहे. ती पुसता येत नाही.